आत्याच्या आयडीवर

अंजूर, भिवंडी
६ फेब्रुवारी २०२५

नेत्राताई,

तीनदा फोन कट केलास. म्हणालीस, "भुप्या, तू ओरडतोस, मी मीटिंगमध्ये आहे." म्हणून लिहितोय. आपला नामा टेम्पो घेऊन रोज भोसरीला येतो, त्याच्या हातात देतो. उत्तर त्याच्याकडेच दे.

तुला काही कळवू नको म्हणून आत्याने मला शपथ घातलीय. ती मोडतोय. तुझी आई मंगळवारपासून घरी बसलीय. गोदामाने कामावरून काढली. कागदबिगद काही दिला नाही. सकाळी सातला गेटवर उभी केली, सगळी शिफ्ट बघत असताना मॅनेजर हरेशसर बोलले, "गुणाबाई, उद्यापासून येऊ नका, तुम्ही आमचा सर्व्हर मुद्दाम बंद पाडता."

हसू नकोस. मीपण हसलो होतो, मग आत्याकडे बघितलं. जी बाई व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा करायला माझ्याकडे फोन देते, ती सर्व्हर पाडणार. महिनाभर हे चाललंय म्हणे. सगळं सुरळीत असतं आणि एकदम सगळ्या स्कॅनर गन मुक्या होतात, पट्टा थांबतो, कुठला खोका कुठल्या ट्रकात जाणार ते कोणाला कळत नाही. ट्रकांची रांग मानकोलीपर्यंत. मालाच्या मालकाचे फोन. कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलं तर दर वेळी एकच आयडी निघाला, गुणाबाईचा. झालं. हरेशसर म्हणतात, शेजारच्या गोदामवाल्याने हिला फोडलंय.

आता म्हणतात, माफीनामा लिहून द्या की मी मुद्दाम केलं, पुन्हा करणार नाही, मग परत घ्यायचं बघू. नाहीतर पोलीस. आत्या सही करत नाही. जेवतही नाही धड. चुलीपुढे बसते आणि भांडी घासलेली परत घासते.

मी परवाच आलो. अकलोलीला होतो, गरम पाण्याच्या कुंडांजवळ एका लॉजवर. टॉवेल द्यायचं काम. त्याआधी वापी. वापीला एक माणूस भेटला होता, तो नुसत्या वासावरून केमिकल ओळखायचा, त्याची गंमत सांगायची होती, पण ते सोड. तू त्याच मशिनींचं काम करतेस ना? मग सांग काय भानगड आहे. की तुझ्या आईपेक्षा मीटिंग मोठी?

भूपेश


पुणे
८ फेब्रुवारी

भूपेश,

शपथ मोडलीस ते बरं केलंस. आईने माझ्यापासून लपवलं याचा राग मात्र तुझ्यावरच निघणार, कारण सध्या तूच समोर आहेस. आणि तू मला आई शिकवू नकोस. गेल्या वर्षी तिला ताप होता तेव्हा तू कुठे होतास ते तुला तरी आठवतं का? मी रजा काढून आले होते.

तुला आवडणार नाही, तरी ऐक. सर्व्हर खोटं लिहीत नाही. आईचा आयडी दिसतोय म्हणजे त्या क्षणी तो वापरात होता. कोणी वापरला हा पुढचा प्रश्न. तिने तो कोणाला दिला असेल तर चूक तिची. आयडी म्हणजे सही असते. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्या मुलीला पासवर्ड सांगितला म्हणून एकाची नोकरी गेली आणि कोणाला वाईटही वाटलं नाही.

तिला म्हण, सही करून मोकळी हो. बावन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण घेणार? हरेशसरांना बळीचा बकरा हवाय, मिळाला की ते विसरतील. पोलीस आले तर तिला सोसणार नाही आणि मलाही.

तरी सर्व्हर बसला की पडद्यावर काय येतं त्याचा फोटो मिळाला तर पाठव. ओळीच्या ओळी इंग्रजी असतील, घाबरू नकोस, सगळ्या दिसल्या पाहिजेत.

नेत्रा


अंजूर
११ फेब्रुवारी

नेत्राताई,

"सही करून मोकळी हो" हे मी आत्याला वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तिला लिव, मी काय केलं न्हाय. न केल्याची सही करून मी कुटं मोकली व्हनार हाय?" मग उठून परसात गेली. मी तासभर हाका मारत होतो.

तू पुण्याला जाऊन कागद शिकलीस, पण आपल्याकडे काय चालतं ते विसरलीस. आयडी तिने कोणाला "दिला" नाही. ते गोदाम कुठे उभं आहे? आपल्याच खाचरांवर. भाताच्या आवणीला रोपांची पहिली मूठ कोणाची असायची? आत्याची. तिने चिखलात पहिली मूठ खोचल्याशिवाय दुसरी बाई वाकायची नाही, कारण तिच्या हाताला यश आहे असं सगळा गाव मानायचा. शेत गेलं, गोदाम आलं, पट्ट्यावर कोण लागलं? त्याच बाया. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गुणाबाय, पहिला खोका तू मार. मग रोजचंच झालं. सकाळी आत्या एकेक गन हातात घेते, स्वतःच्या आयडीवर उघडते, एक खोका मारते, म्हणजे स्कॅन करते, मग गन त्या बाईच्या हातात ठेवते. दिवसभर सगळी लाइन तिच्याच आयडीवर चालते. हरेशसर रोज बघायचे. हसायचे. पाव्हणे आले की दाखवायचे, आमच्या मावशींचा हात बघा. तेव्हा नियम कुठे होता?

आता बोल, चूक तिची.

आणि तुला फोटो हवा होता तो अफजलने पाठवलाय तुझ्या फोनवर, तो तरी उघड. अफजल म्हणजे निजामपुऱ्यातला, माझ्याबरोबर आयटीआयला होता. मी सोडलं, त्याने पुरं केलं. गोदामात जनरेटर बघतो. शेवटच्या वेळी सर्व्हर बसला तेव्हा तो खोलीत होता, त्याने मौजेखातर फोटो काढला होता. मी घरी गेलो त्याच्या. गल्लीत पॉवरलूमचा असा आवाज की बोलायचं तर कानाला तोंड लावायला लागतं. त्याचे अब्बा तीस वर्षं लूमवर, ते आवाजात झोपतात आणि शुक्रवारी लूम बंद असले की त्यांना झोप येत नाही. त्याची अम्मी साजिदाचाची, तिने खिमा वाढला. म्हणाली, "तेरी फूफी ने कुछ नहीं किया होगा, वो तो मेरेकू बस में जगह देती थी." बसमधल्या जागेवरून तिला जे कळलं ते तुला कळेना.

अफजलला विचारलं, सर्व्हर कधी बसतो? तो म्हणाला, "मेरेको क्या पता भाई, जनरेटर चालू है तो अपनी ड्युटी खतम." मग म्हणाला, "पण चहाच्या टाइमलाच बसतो हां." चहाचं असं आहे, की आधी बाया दोघी-तिघी करून जायच्या. नवा सुपरवायझर प्रितेश आलाय, त्याने गळ्यात शिट्टी अडकवलीय, शाळेच्या पीटी मास्तरसारखी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम गन चार्जिंगच्या खाचेत ठेवायच्या आणि एकदम चहाला जायचं. वेळ वाचतो म्हणे.

सांग मला, चहात काय मिसळते तुझी आई?

भूपेश


पुणे
१४ फेब्रुवारी

भूपेश,

आधी आईला हे वाच: मी चुकीचं लिहिलं. सही करू नकोस. काहीही झालं तरी करू नकोस.

फोटो मी चार वेळा पाहिला आणि मग ऑफिसमध्ये दोघांना दाखवला. आता तुला कळेल असं सांगते, मध्ये वापीला जाऊ नकोस.

सर्व्हरच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकी सगळे प्रोग्राम जे काही लागेल ते त्याच्याकडे मागतात. तो थांबला की सगळंच थांबतं. तुमच्या गोदामात जो कर्नेल आहे त्यात एक दोष आहे. एकाच आयडीवरून पुष्कळ ठिकाणी काम उघडलेलं असेल आणि ते सगळं एकाच क्षणी बंद झालं, तर कर्नेल स्वतःच घातलेलं कुलूप कोणीतरी उघडेल म्हणून वाट बघत बसतो. उघडणारा तोच. मग बसतो तो बसतोच. चोरी होत नाही, काही पुसलं जात नाही, फक्त कोणालाच काही मिळत नाही. आमच्या भाषेत याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात.

सगळ्या गन आईच्या आयडीवर. शिट्टी वाजली की सगळ्या एकदम खाचेत, आणि खाचेत ठेवली की गन आपोआप बंद होते. ही आहे तुझी भानगड. आईचा हात अनेक वर्षं असाच चालला, काही झालं नाही. प्रितेशची शिट्टी आली आणि झालं.

आता रागाची गोष्ट. ही काही गूढ गोष्ट नाही. दोषाची सूचना जाहीर झालीय, दुरुस्ती गेल्या दिवाळीच्या आधी आलीय, फुकट. ती लावायची आणि सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा, एवढंच. पण सर्व्हर बंद करायचा म्हणजे गोदाम तेवढा वेळ थांबवायचं, आणि ते कोणाला नको असतं. सूचनेत लिहिलंय की आयडी असलेला कुठलाही साधा माणूस यंत्र बंद पाडू शकतो. साहेब लोक ते वाचतात आणि म्हणतात, आपल्याकडे असं कोण करणार, पुढच्या महिन्यात बघू. मग एक दिवस खरंच बंद पडतं आणि तेच साहेब म्हणतात, हे मुद्दामच केलं असणार. स्वतः दार उघडं ठेवायचं आणि वाऱ्याने आपटलं की मोलकरणीला विचारायचं, तू का ढकललंस. मला इतका संताप आलाय की आज मी ऑफिसच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये एका गरीब मुलावर विनाकारण ओरडले.

हरेशसरांना मी मेल केला. सगळं समजावून, सूचनेसकट. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार. प्रकरण अंतर्गत चौकशीत आहे." मी याच पत्रासोबत छापील प्रत देतेय, ती त्यांच्या हातात ठेव.

आणि नीट ऐक. हे कसं होतं ते आता तुला माहीत झालंय. करायला जाऊ नकोस. सिद्ध करून दाखवायलाही नाही. तू केलंस तर पहिलं वाक्य निघेल, गुणाबाईचा भाचा आहे.

नेत्रा


अंजूर
१६ फेब्रुवारी

ताई,

आत्याला वाचून दाखवलं. तिने परत वाच म्हणून सांगितलं. कर्नेलचं तिला काही पडलं नाही, "मी चुकीचं लिहिलं" तेवढंच दोनदा वाचायला लावलं. मग जेवली.

हरेशसरांना प्रत दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या चाळली आणि विचारलं, "शिक्षण काय तुझं?" मी म्हटलं, आयटीआय. "पुरं केलंस?" मी म्हटलं, सोडलं. "हां. मग आम्हाला शिकवू नकोस. बाई गेल्यापासून सर्व्हर एकदाही बसला नाही, याहून मोठा पुरावा काय पाहिजे?" प्रितेश बाजूला उभा राहून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता.

नाही बसला, कारण आत्या नाही तर गन उघडायला कोणी नाही. अर्ध्या बायांना आयडीच दिलेले नाहीत. ज्यांना आहेत त्या आपापली उघडतात, बाकी हाताने खोके लावतात. हे मी सांगायच्या आत मला बाहेर काढलं.

मी त्याच गोदामात रोजंदारीवर लागलोय. लोडिंगला. ठेकेदाराने नाव पण नीट विचारलं नाही. का लागलो ते विचारू नकोस.

भूपेश


पुणे
२० फेब्रुवारी

भूपेश,

लाज वाटते का तुला?

तुमच्या गोदामाच्या सर्व्हरची देखभाल जी कंपनी करते तिथे मृणाली आहे, माझ्या कॉलेजची. तिने रात्री कळवलं, काल चहाच्या वेळी सर्व्हर पुन्हा बसला. सेलच्या मालात, सगळ्यात गर्दीच्या दिवशी. आणि चार दिवसांपूर्वी तू तिथे कामाला लागलास, का ते सांगितलं नाहीस.

मी तुला एकच गोष्ट करू नकोस म्हटलं होतं. एकच. तुला वाटतं हा पराक्रम आहे. तू आज इथे उद्या तिथे, लॉजवर टॉवेल देशील, नाहीतर ट्रकवर चढशील. आई कुठे जाणार? तिचं घर त्या गेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोज त्या गेटवरून पाणी आणायला जायचंय तिला.

आणि कोणाच्या आयडीवर केलंस? तुला तर आयडी नाही. म्हणजे कोणाचा तरी मागून घेतलास. त्या माणसाचं नाव काय? त्यालाही आता गेटवर उभं करतील, आणि त्याच्या घरी चिठ्ठ्या लिहायला भाचा असेलच असं नाही.

मी शनिवारी येतेय. तू घरी असलास तर असलास.

नेत्रा


अंजूर
२४ फेब्रुवारी

ताई,

शनिवारी तू आलीस तेव्हा मी घरी नव्हतो. मुद्दाम नव्हतो. तुझं पत्र वाचून मी खाडीवर जाऊन बसलो आणि दोन दिवस अफजलकडे झोपलो. तू आत्याशी बोललीस, तुला अर्धं कळलं असेल. उरलेलं मी लिहितो, आज सकाळचं पण, कारण तू काल दुपारच्या गाडीने गेलीस आणि जे बघायचं होतं ते आज झालं.

मी केलं नाही. पण करायलाच गेलो होतो, ते तू बरोबर ओळखलंस. लोडिंगवर विठू म्हणून आहे, साधा माणूस, त्याला आयडी आहे. त्याला म्हटलं होतं, बुधवारी सकाळी मला तुझ्या आयडीवर सगळ्या गन उघडू दे, मजा दाखवतो. तो हो म्हणाला. विचारलंसुद्धा नाही कसली मजा. तू लिहिलंस तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की मग विठू कुठे उभा राहिला असता. हे खरं आहे, आणि त्याचा मला स्वतःचा जितका राग आलाय तितका प्रितेशचाही आलेला नाही.

झालं असं, की बुधवारी मी पोचायच्या आधीच प्रितेशने गन उघडल्या होत्या. सेलचा माल, बाया हाताने खोके लावतायत, ट्रक अडकलेत, तो वैतागला. म्हणाला, "द्या इकडे", आणि एकामागून एक सगळ्या गन स्वतःच्या आयडीवर उघडून वाटल्या. मी विठूशेजारी उभा, माझे हात रिकामे. मला वाटलं, आता याला सांगावं का? सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? मी खोके उचलायला लागलो. चहाची वेळ झाली. त्याने शिट्टी मारली.

सगळं बसलं. पट्टा थांबला तेव्हा जी शांतता झाली ती साजिदाचाचीच्या गल्लीत शुक्रवारी असते तशी.

मग काय झालं असेल? प्रितेशला गेटवर उभं केलं? शेजारच्या गोदामवाल्याने फोडला म्हणाले? हरेशसर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "तांत्रिक अडचण आहे, वरून बघतायत, तोवर चहा घ्या." समोसे मागवले. आत्याच्या आयडीवर झालं तो गुन्हा, प्रितेशच्या आयडीवर झालं ती तांत्रिक अडचण. मी समोसा पट्ट्यावर ठेवून आलो.

शुक्रवारी तुझ्या मृणालीच्या माणसांनी दुरुस्ती लावली, तू लिहिलं होतंस तेवढंच, लावली आणि सर्व्हर एकदा बंद करून चालू केला. आणि काल, तू गेल्यावर, प्रितेश आपल्या ओट्यावर. "मावशी, सोमवारपासून या. सही वगैरे काही नको. झालं गेलं सोडून द्या." आत्याने त्याला चहा दिला. तो पिऊन होऊ दिला. मग म्हणाली, "मला येऊ नको बोल्लात ते कुटं बोल्लात?" तो म्हणाला, गेटवर. "मंग 'ये' बोलायला घरात कशाला आलाव?"

आज सकाळी ती लुगडं नेसून गेटवर जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. मी मागे होतो, मला म्हणाली, तू तोंड उघडलंस तर घरात घेणार न्हाय. सातची शिफ्ट भरायला लागली. बाया आत जात होत्या, तिला बघून थबकत होत्या. हरेशसर आले. "मावशी, चला, केबिनमध्ये बसून बोलू."

"केबिनात काढली नव्हती मला."

"अहो, पण आता घेतोय ना परत?"

"माज्याकरनं कायबी झालं न्हाय, ते बोला. हितं."

ते हसले, घड्याळ बघितलं, आत गेले. त्यांना वाटलं, बाई थोड्या वेळाने येईल. आत बाया पट्ट्यापाशी उभ्या होत्या. आता प्रत्येकीला आयडी मिळालाय, कोणाची वाट बघायची गरज नाही. मारिया म्हणून एक आहे, सगळ्यात तरुण, तिने गन उचलली होती. तिने गेटकडे बघितलं आणि गन परत खाचेत ठेवली. मग दुसरीने. घोषणा नाही, कोणी पुढारी नाही. नुसत्या हात बांधून उभ्या राहिल्या. विठूने हातगाडी सोडली. प्रितेशने शिट्टी वाजवली, दोनदा, आणि मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं, त्याने ती खिशात टाकली. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारायला लागले.

हरेशसर धावत आले. ताई, तो माणूस घामाने भिजला होता. म्हणाले, "मावशी, तुम्ही गोदाम बंद पाडताय, कळतंय का तुम्हाला?"

आत्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिला राग आला की ती आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते, तुला माहीत आहे. म्हणाली, "हां. आता पाडतंय. आदी पाडलं नव्हतं. ह्यो फरक तुमाला कळला, की मी आत येनार."

एका ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढला, काय चाललंय ते ऐकायला. मग हरेशसर खाली बघून म्हणाले, गुणाबाईंनी काही केलं नव्हतं, चूक आमची होती.

"मागं ऐकू न्हाय गेलं," आत्या म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. बाया दारापर्यंत आल्या होत्या. अफजल जनरेटरच्या खोलीतून बाहेर येऊन उभा होता. हरेशसरांनी परत सांगितलं, या वेळी मोठ्याने, आणि तिचं पूर्ण नाव घेऊन. मला वाटलं, ती तिसऱ्यांदाही सांगायला लावणार. तिने लावलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

पण आत्याने पदर खोचला आणि म्हणाली, "पुरे. ट्रकवाले खोळंबलेत." आणि आत गेली.

भूपेश